महाराणीला कोट घट्ट होतो

जुन्या कॉम्प्युटरवर शेवटचं एंटर कुणी दाबायचं, यावरून त्या सकाळी शिवणघरात चांगलीच जुंपली होती.

“मी नाही दाबणार,” अख्ख्या गावाचे कपडे शिवणाऱ्या मास्तरीणबाईंचे यजमान म्हणाले आणि त्यांनी दोन्ही हात चक्क खिशात घातले. “इतकी वर्षं ज्याने एकदाही मान टाकली नाही, त्याला माझ्या हाताने पुसायचं? ते माझ्याच्याने व्हायचं नाही.”

“बाबा, तो माणूस नाहीये,” सूनबाई म्हणाली.

“म्हणून तर इतका टिकला.”

यजमान टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. अख्खी गल्ली त्यांना इंजिनियर म्हणायची, आणि त्यांनाही ते आवडायचं. जिन्याखालच्या कोनाड्यातला तो कॉम्प्युटर म्हणजे त्यांचं दुसरं अपत्य. त्यावर त्यांनी तरुणपणी बीएसडी नावाची, कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली घातली होती आणि डब्यावर तिचं चित्र चिकटवलं होतं, हातात त्रिशूळ घेतलेला छोटासा लाल सैतान. वर स्वतःच्या हाताने एक प्रोग्रॅम लिहिला होता. मास्तरीणबाईंनी घेतलेली मापं त्यात भरली की कॉलरपासून काखेपर्यंतच्या सगळ्या रेघा आपोआप आखल्या जायच्या आणि रुंद कागदावर छापून यायच्या. मग मास्तरीणबाई तो कागद कापडावर ठेवत आणि कात्री चालवत.

पण जुना प्रिंटर गेला. नवा आणला, तर तो सैतानाला ओळखच दाखवीना. इंजिनियरांनी आठवडाभर डोकं आपटून पाहिलं आणि शेवटी हात टेकले. तेव्हा सूनबाई म्हणाली, “लिनक्स घालू या. हा प्रिंटर त्याच्याशी बोलतो.” लिनक्स ही तशीच दुसरी प्रणाली, आणि ती लग्नाआधीपासून लिनक्सवाली. तिच्या लॅपटॉपवर लिनक्सची खूण म्हणून गुबगुबीत पेंग्विन बसलेला असायचा.

“दोन्ही युनिक्सच्याच घराण्यातल्या,” तिने सासूबाईंना समजावलं. “चुलत बहिणीच म्हणा. बोलायची रीत तीच, फक्त स्वयंपाकघरात डबे वेगळ्या फळीवर. बाबांचा प्रोग्रॅम जसाच्या तसा चालेल.”

मास्तरीणबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं. पडद्यावर प्रश्न आला होता, की आतलं सगळं पुसलं जाईल, चालेल ना? मापांची नक्कल तीन ठिकाणी काढून झाली होती. तरी नवरा हलेना आणि सासऱ्यांसमोर सुनेचा हात उठेना. मास्तरीणबाईंनी कात्री टेबलावर ठेवली, त्या कोनाड्यात वाकल्या आणि त्यांनी एंटर दाबून टाकलं.

“चला, कामाला लागा,” त्या म्हणाल्या.

इंजिनियर त्या दिवशी जेवताना एक शब्द बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून मात्र इतके बोलायला लागले की ते न बोललेलंच बरं होतं असं सगळ्यांना वाटलं. चहा गार झाला की पेंग्विनमुळे. दाराची कडी अडकली की पेंग्विनमुळे. शेजाऱ्याचं मांजर गॅलरीत ओरडलं तरी खापर त्या बिचाऱ्या पक्ष्यावर. सूनबाई हसून सोडून द्यायची. नवा प्रिंटर कागदावर अशा कोरीव रेघा काढत होता की तिला मनातून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. या घरात आल्यापासून तिने बटणं लावली होती, काजं केली होती, हिशेब ठेवला होता. पण हे पहिलंच काम असं होतं की जे तिचं होतं.

आता मास्तरीणबाईंच्या मापाबद्दल सांगायला हवं. त्या एकदाच मापायच्या. दुसऱ्यांदा टेप लावणं त्यांना अपमानाचं वाटायचं. गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की पोट आत ओढून घेतं, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून त्या आधी टेप लावतच नसत. मुलांची चौकशी करत, शेजाऱ्यापाजाऱ्यांचा विषय काढत. माणूस रंगात आलं, श्वास सुटला, पोट आपल्या जागी आलं, की टेप सर्रकन फिरायचा आणि आकडा लिहून व्हायचा. त्यांचं म्हणणं असं की माणसाचं शरीर खोटं बोलतं, कागद बोलत नाही. त्यामुळे छापून आलेल्या कागदाला त्यांनी उभ्या जन्मात कधी टेप लावला नव्हता. इंजिनियरांनी प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात तपासणीसाठी म्हणून बरोबर चार इंचांचा एक चौकोन काढण्याची सोय केली होती. मास्तरीणबाई त्या चौकोनावर चहाचा कप ठेवत.

पेंग्विन घरात आला आणि पहिली आली शाळेतली बाई, नव्या स्कर्टच्या ट्रायलला. पडद्याआड बराच वेळ खुडबुड झाली. बाहेर आली ती लाल चेहऱ्याने.

“सुट्टीत जरा जास्तच झालं खाणं,” ती पुटपुटली. “राहू दे असाच. महिन्याभरात येईल मला.”

मग कोपऱ्यावरचा बेकरीवाला आला. त्याची पँट मांडीपाशीच अडली. त्याने दुकानात एक सुस्कारा सोडला आणि त्या संध्याकाळपासून गल्लीला फेऱ्या मारायला सुरुवात केली. पाठोपाठ शाळेतली बाई. मग औषधाच्या दुकानातले नवराबायको, नव्या जोडीच्या सदऱ्यांमध्ये गुदमरल्यासारखे होऊन. कुणी कुणाला काही सांगेना. आपण जाड झालो हे कोण होऊन सांगेल? सगळे मूग गिळून गप्प, आणि बेकरीत केक पडून राहायला लागले. ते केक बेकरीवाला स्वतःही खाईना.

शेवटी आले बँडमास्तर. गावच्या बँडला बागेत पहिला जाहीर कार्यक्रम मिळाला होता आणि सगळ्यांना निळे कोट शिवायचे होते, पितळी बटणांचे. कापड येऊन पडलं होतं. आधी बँडमास्तरांचा कोट शिवायचा, तो पसंत पडला की बाकीचे बेतायचे, असं ठरलं होतं. बँडमास्तर म्हणजे मुळातच ऐसपैस माणूस. कोट अंगात चढवताना त्यांचा श्वास फुलला, बटण काजापर्यंत पोचेना, आणि बाह्या मनगटाच्या वर जाऊन बसल्या.

“लोणी,” ते आरशाकडे बघत दुःखाने म्हणाले. “हे सगळं लोणी आहे, मास्तरीणबाई. आजपासून बंद. तुम्ही कोटाला हात लावू नका. मी कोटात मावून दाखवतो!”

ते गेले. मास्तरीणबाई कोट हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. पोट वाढतं, हे त्यांना मान्य होतं. पण माणसाचे हात कसे वाढतील? बाही आखूड झाली याला लोणी काय करणार?

त्यांनी कोट परत खुंटीला टांगला.

त्यांना हे काम त्यांच्या आत्याने शिकवलं होतं. काय हात होता आत्याचा! पण म्हातारपणी तिची नजर गेली, हात गेला, आणि तिला कुणी सांगितलं नाही. लोक वाकडे कपडे घेऊन जायचे, छान झालंय म्हणायचे आणि घरी जाऊन उसवायचे. छोट्या भाचीला हे सगळं दिसायचं. तिने तेव्हाच ठरवलं होतं, की आपल्याशी कुणाला असं गोडगोड खोटं बोलावं लागण्याआधी आपण कात्री खाली ठेवायची.

आणि आता लोक त्यांच्याशी गोडगोड बोलत होते. सुट्टीत खाणं झालं म्हणे. लोणी म्हणे.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. फक्त मापं तीन तीनदा घ्यायला लागल्या. चष्मा पुसायचा, टेप लावायचा, आकडा लिहायचा, पुन्हा टेप लावायचा. आकडा तोच यायचा आणि कपडा तरीही आखूड व्हायचा. मग टेपच नकोसा झाला. तो कायम त्यांच्या गळ्यात असायचा, इतका की एकदा त्या लग्नालाही तशाच गेल्या होत्या. एका दुपारी त्यांनी तो काढला आणि महाराणीच्या गळ्यात घातला.

महाराणी म्हणजे दुकानाच्या खिडकीतला पुतळा. लाकडी पाय, आत भुसा, वर ताणून बसवलेलं कापड, मुंडकं मुळातच नाही. तरी उभी अशी राहायची की सगळ्या गल्लीने तिला मुजरा करावा. नाव सूनबाईच्या नवऱ्याने लहानपणी ठेवलेलं. तो आता नोकरीनिमित्त बाहेरगावी असायचा आणि फोनवर बायकोच्या आधी महाराणीची खुशाली विचारायचा.

“आई, टेप काढलात?” सूनबाईने विचारलं.

“मानेला टोचतो,” मास्तरीणबाई म्हणाल्या. मग जरा थांबून त्यांनी सांगून टाकलं, “बँडचे कोट झाले की कात्री तू घे.”

सूनबाईचा चेहरा आधी उजळला. ती पुढे होऊन पाया पडणार, तोच तिने सासूबाईंचे डोळे पाहिले आणि जागच्या जागी थबकली.

“का पण? तुमच्याशिवाय बेतणार कोण?”

“तू शिकशील. आता तुमचे दिवस. मशीनवर किती सुबक काढतेस सगळं.”

“मी कागद काढते हो. माणूस तुम्ही ओळखता.”

मास्तरीणबाई जमिनीवर वाकल्या. त्या टाचण्या वेचत बसल्या, ज्या खाली पडल्याच नव्हत्या.

सूनबाईला चैन पडेना. काय बिनसलंय ते कळत नव्हतं, पण सासूबाईंचे हात रिकामे राहू द्यायचे नाहीत एवढं तिने मनाशी घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने टूम काढली. “आई, बँडमास्तर बारीक होईपर्यंत आपण महाराणीला बँडचा कोट शिवू या. बागेतल्या कार्यक्रमापर्यंत खिडकीत उभी राहील. येणारा जाणारा थांबून बघेल.”

मास्तरीणबाईंना हसू आलं. आपला शेवटचा कोट महाराणीला, यात त्यांना काहीतरी बरोबर वाटलं. आणि हिच्या बाबतीत एक सोय होती, ही गोड बोलणार नव्हती.

महाराणीचं माप घ्यायची गरज नव्हती. इंजिनियरांनी प्रोग्रॅम लिहिला तेव्हा चाचणीसाठी कॉम्प्युटरमध्ये पहिलं माप भरलं होतं ते तिचंच. मास्तरीणबाईंनी ते घेतलं तेव्हा त्यांच्या केसांत एकही पांढरा नव्हता. सूनबाईने ते माप उघडलं, कागद छापला. मास्तरीणबाईंनी कापड बेतलं, अस्तर लावलं, बाह्या चढवल्या, पितळी बटणं स्वतःच्या हाताने लावली. असा कोट त्यांनी कित्येक वर्षांत शिवला नव्हता. प्रत्येक टाक्याला त्या मनातल्या मनात निरोप देत होत्या.

दुपारी खिडकीत ऊन आलं होतं. त्यांनी कोट महाराणीच्या अंगावर घातला आणि बटण काजाकडे ओढलं.

बटण पोचेना.

त्यांनी पुन्हा ओढलं. दोन बोटं अंतर राहिलं ते राहिलंच.

संपलं, असं त्यांना वाटलं. भुशाच्या पुतळ्यावरसुद्धा आपला हात चुकला. त्या खुर्चीवर बसल्या आणि कितीतरी वेळ महाराणीकडे बघत राहिल्या. महाराणी तशीच ऐटीत, कोट उघडा टाकून, गळ्यात टेप.

आणि मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हे माप आजचं नाहीच! हे माप तेव्हाचं, जेव्हा अख्ख्या गावात त्यांच्या टेपची शपथ घेत. तेव्हा तर नजर शाबूत होती. मग कोट का बसेना? की तेव्हाही चुकलं होतं?

त्या उठल्या. महाराणीच्या गळ्यातला टेप ओढला आणि तिच्या छातीभोवती फिरवला. आकडा तोच. कंबर, तोच. खांदा, तोच. केसभरही फरक नाही.

“तू तर काही खाल्लं नाहीस गं बाई,” मास्तरीणबाई मोठ्याने म्हणाल्या.

माप बरोबर होतं. शिवणही बरोबर रेघेवर होती, त्यांनी कोट उलटून तीही पाहिली. मधे उरला होता फक्त कागद. त्या मागच्या खोलीत गेल्या. टेबलावर तो पसरलेलाच होता आणि कोपऱ्यातल्या चौकोनावर चहाचा कप. त्यांनी कप उचलला आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा त्या चौकोनाला टेप लावला.

चारच्या खुणेपर्यंत पोचायच्या आधीच रेघ संपली होती.

त्यांनी जी हाक मारली ती बेकरीपर्यंत ऐकू गेली. इंजिनियर वरच्या मजल्यावरून एका पायात चप्पल घालून धावत आले. सूनबाई इस्त्री तशीच उभी करून आली. बघतात तो काय, मास्तरीणबाई जमिनीवर फतकल मारून बसलेल्या, टेप हातात, आणि हसून हसून डोळ्यांतून पाणी गळतंय.

“अगं, काय झालं?” इंजिनियर घाबरून म्हणाले.

“चौकोन!” त्यांना धड बोलताही येईना. “अहो, तुमचा चौकोन आखूड झालाय!”

इंजिनियरांनी टेप घेतला, चौकोन मापला आणि ताठ उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज चढलं ते लग्नातसुद्धा नव्हतं. “पेंग्विन! मी पहिल्या दिवसापासून सांगत होतो!”

“तुम्ही चहा गार झाल्याचंही पेंग्विनवरच ढकलत होता,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “कोण विश्वास ठेवणार?”

सूनबाई तोवर कोनाड्यात शिरली होती. पडद्यावर प्रिंटरची खिडकी उघडली, पान खाली सरकवलं, आणि तिचा चेहरा कापडासारखा पांढरा पडला. तिथे एका ओळीपुढे खूण होती, चित्र पानात बसवून छापा. नव्या प्रणालीने तिला हे विचारलं होतं आणि तिने न वाचता हो म्हणून टाकलं होतं. तेव्हापासून प्रिंटर मोठ्या अदबीने प्रत्येक कागद जरासा आवळून, कडेला नीट समास सोडून छापत होता. सैतानाच्या राज्यात इंजिनियरांचा प्रोग्रॅम सरळ प्रिंटरशी बोलायचा, मधे कुणी नसायचं. त्यामुळे असा प्रश्न कधी आलाच नव्हता.

“आई,” ती म्हणाली. “पेंग्विन नाही, मीच. माझी चूक आहे. शाळेतल्या बाई, बेकरीवाले, बँडमास्तर, सगळे माझ्यामुळे...”

मास्तरीणबाई उठल्या आणि त्यांनी सुनेला गच्च मिठीत घेतलं.

“तुझीच!” त्या म्हणाल्या. “अगदी तुझीच चूक! किती बरं केलंस गं!”

सूनबाईला काही उमजेना. मग मास्तरीणबाईंनी सांगितलं. आत्याबद्दल सांगितलं, बाह्यांबद्दल, तीन तीनदा घेतलेल्या मापांबद्दल. ते ऐकताना इंजिनियरांनी हळूच दुसऱ्या पायातली नसलेली चप्पल शोधायचं नाटक केलं, कारण त्यांचे डोळे भरून आले होते.

“एकटीने सोसत बसलीस,” ते खाली बघत म्हणाले. “आणि मी इथे पक्ष्याशी भांडत होतो. चौकोन काढून ठेवला, पण तो मापायचा असतो हे घरात कुणाला सांगितलं नाही. कप ठेवायला बरा आहे, असं तूच म्हणाली होतीस.”

“बराच आहे,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “आता आधी मापू, मग ठेवू.”

सूनबाईने ती खूण काढली. प्रिंटर घरघरला, नवा कागद बाहेर आला आणि तिघेही एकाच वेळी टेप घेऊन चौकोनावर वाकले, ते डोक्याला डोकं आपटून. चार इंच, तंतोतंत. इंजिनियरांनी गंभीरपणे लाल सैतानाचं चित्र जुन्या डब्यावरून सोलून काढलं आणि नव्या प्रिंटरवर चिकटवलं. सूनबाईने शेजारी पेंग्विन लावला.

मग त्या दोघी स्वतः घरोघर जाऊन सांगून आल्या. गल्लीचा जीव भांड्यात पडला. शाळेतल्या बाईने ऐकलं आणि तशीच बेकरीत जाऊन अख्खा केक उचलला. औषधाच्या दुकानातल्या नवऱ्याने बायकोकडे असं पाहिलं की ती लाजली. बेकरीवाल्याने केकचे पैसे घ्यायलाच नकार दिला आणि स्वतः निम्मा खाल्ला. कुणी रागावलं म्हणावं तर नाही. आपण जाड झालो नाही ही बातमी घेऊन दारात आलेल्या माणसावर कोण रागावेल? मास्तरीणबाई शिवणीच्या आत नेहमीच भरपूर कापड राखून ठेवायच्या. ते सोडून बरेचसे कपडे मोठे झाले, उरलेले त्यांनी नव्याने शिवून दिले. बँडचं बाकीचं कापड अजून बेतलेलं नव्हतं, ते आता बरोबर कागदावर बेतलं.

बँडमास्तरांना जुन्याच मापाने नवा कोट शिवून ठेवला. ते आले, अंगात चढवला, आणि कोट त्यांच्या अंगावर दोरीवर वाळत घातल्यासारखा लोंबला.

“मास्तरीणबाई, हे काय!” ते कळवळून ओरडले. “मी लोणी सोडलं! मी जिने चढलो! रोज!”

“धरा मग परत लोणी,” इंजिनियर कोनाड्यातून म्हणाले.

“छे! आता वरचा सूर धरला तरी धाप लागत नाही मला. मी असाच राहणार. कोट लहान करा.”

सूनबाई हसू दाबत पाठमोरी झाली. मास्तरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा नाकावर नीट केला आणि सुनेला हाक मारली. “ये, इथे उभी राहा. कागद तू शिकलीस. आता माणूस शीक.”

मग त्या बँडमास्तरांना बँडमधल्या भांडणांबद्दल विचारायला लागल्या. ढोलवाला वेळेवर येतो का, तुतारीवाल्याचं काय बिनसलंय. बँडमास्तर बोलता बोलता तापले, हातवारे करायला लागले, आणि आत ओढून घेतलेलं पोट आपल्या जागी आलं. “आत्ता,” मास्तरीणबाई सुनेच्या कानात म्हणाल्या. त्यांनी गळ्यातला टेप काढला, सर्रकन फिरवला, आकडा लिहिला आणि टेप परत गळ्यात घातला.

“झालं?” बँडमास्तरांनी विचारलं. “आमचे बँडवाले तर म्हणत होते, तीन तीनदा घेता म्हणून.”

“झालं,” मास्तरीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी कात्री उचलली. “मी एकदाच मापते.”